पीळ नव्याने घाला

कारखान्यात कुठलाही दोर वळला जाण्याआधी तो तिच्या टेबलावर तुटलेला असे. टेबलावर म्हणजे संगणकात. लिफ्टचे दोर, क्रेनचे दोर, पूल टांगायचे मनगटाएवढे पोलादी दोर, सगळे आधी तिच्याकडे यायचे. तार किती बारीक, किती तारांची एक लड, किती लडींचा एक दोर, पीळ डावा की उजवा, घट्ट की सैल, एवढं भरून दिलं की प्रोग्रॅम तो दोर ताणायला लागायचा आणि कुठली तार आधी हार मानते ते लाल रंगात दाखवायचा. खाली यंत्रावरची माणसं तिला 'तोडफोड मॅडम' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

ती कामात कच्ची होती असं कुणी म्हणू नये. पक्की होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. कच्चा माणूस चार जणांना विचारून पाऊल टाकतो. पक्क्याची विचारायची सवयच सुटलेली असते.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. लहानपणी एका जागी दोन मिनिटं बसत नसे, म्हणून आईने त्याचं नाव 'वरखाली' पाडलं, आणि पुढे धंदाही नावाला साजेसा निघाला. जेवताना तो बहिणीला चिडवायचा, "ताई, तू दोर तोडतेस आणि मी त्याच दोरांना लटकतो. घरात एवढं वैर बरं नव्हे." दोघांचंही लग्न राहून गेलेलं, घरात आई आणि ही दोन मुलं, आणि तिघांचंही हसू एकमेकांवर चाललेलं. बरं चाललं होतं.

मग त्याला ताप आला. साधा ताप, आठवडाभर आला आणि गेला. जाताना काय घेऊन गेला ते पुढे कळलं. लिफ्ट बंद पडली की लोक लिफ्टवाल्याला बोलावतात, आणि लिफ्टवाल्याला वर जायला लिफ्ट नसते, त्याला जिनाच चढावा लागतो. हा जन्मभर चढला. तापानंतर एके दिवशी पहिल्या मजल्याच्या वळणावर तो खाली बसला तो उठेनाच. बरोबरच्या जोडीदाराने त्याला उचलून खाली आणलं.

हृदय फुगलं होतं. फुप्फुसं अशी झाली होती की दुसऱ्याचं हृदय बसवायचा विचारही करता येत नव्हता. सर्जन वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी टेबलावरचा रुमाल घेतला आणि दोन्ही हातांनी पिळून दाखवला.

"धडधाकट हृदय रक्त नुसतं ढकलत नाही. पिळून काढतं, ओलं फडकं पिळतो तसं. स्नायूंचे धागे आतल्या बाजूला एकीकडे वळलेले असतात, बाहेरच्या बाजूला दुसरीकडे. यांचं हृदय फुगून चेंडू झालंय. धागे आडवे पडलेत. पीळच गेलाय म्हणा ना."

मग त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. निकामी झालेला भाग कापायचा, भिंतीला चुण्या घालून टाके मारायचे आणि चेंडूचा पुन्हा निमुळता आकार करायचा. "आकार मी देईन. पण नंतर ते पिळायला लागेल की नाही, हे मला माहीत नाही. आणि टेबलावरच जाण्याचा धोका मोठा आहे. मी करा म्हणणार नाही, करू नका असंही म्हणणार नाही. नाही केलं तर औषधांवर काही महिने. नशीब जोरावर असेल तर थोडे जास्त."

गाडीत बसल्यावर भाऊ म्हणाला, "राहू दे. घरीच बरा."

आणि तो खरंच घरी बसला. पहिले काही आठवडे वाईट गेले. भिंतीकडे तोंड करून पडायचा, आईवर खेकसायचा. मग हळूहळू काहीतरी निवळलं. हत्यारांची पिशवी त्याने जोडीदाराला देऊन टाकली. पाण्याची टाकी कुठून बंद करायची, दाराचं कुलूप अडकलं तर कसं हलवायचं, हे आईला एकेक करून दाखवलं. खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा, समोरच्या घरावर रंग देणाऱ्यांची शिडी बघत. "वाकडी लावलीय गाढवांनी," म्हणायचा आणि चहा प्यायचा. झोपही लागायला लागली.

बहिणीला ते बघवत नव्हतं. तिच्या मते त्याने हात टेकले होते, आणि हात टेकणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. सर्जनचा एक शब्द तिच्या डोक्यात घोळत होता. पीळ. पीळ गेलाय, असं म्हणाले होते ना? मग पिळाचं काम तर तिचं! हृदयात कुणाला काय कळतं ते कळो, वळलेले धागे ताणले की काय होतं हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडणारा निमूट बुडत होता. काडीलाच राहवेना.

तिने रुग्णालयाकडून हृदयाची त्रिमितीय चित्रं मिळवली आणि कारखान्याच्या प्रोग्रॅममध्ये घातली. पोलादाच्या जागी स्नायू भरला, ताणला की लांबणारा आणि आपला आपण आखडणारा. त्याची मापं जाडजूड पुस्तकांतून शोधली. भिंतीत धागे भरले, आत उजवा पीळ, बाहेर डावा, आणि आजारी हृदयाचे धागे चित्रात दिसले तसे आडवे पाडले. पहिल्यांदा ते आजारी हृदयच चालवून बघितलं. पडद्यावर तो करडा चेंडू थोडासा थरथरला, रक्त जेमतेम बाहेर पडलं. किती पडलं ते रुग्णालयाच्या तपासणीशी जुळत होतं. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे प्रोग्रॅम खरं बोलत होता.

मग तिने आकार बदलला. सर्जन कापणार होते तिथे कापलं, शिवणार होते तिथे शिवलं, चेंडूचा निमुळता शंकू केला आणि पुन्हा चालवलं.

हृदय पिळलं. खालचं टोक एकीकडे वळलं, वरची बाजू दुसरीकडे, आणि मधली पोकळी फडक्यासारखी आवळली गेली. ती खुर्चीत बसल्या बसल्या रडली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला केसांवरून सगळे 'गुंता' म्हणत, तो उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आला आणि काही न विचारता परत गेला.

घरी तिने लॅपटॉप भावासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. डावीकडे आत्ताचं हृदय, उजवीकडे ऑपरेशननंतरचं. तो बराच वेळ बघत राहिला.

"हे माझं?"

"तुझंच. तुझ्याच चित्रांवरून केलंय."

"आणि हे असं पिळेल?"

"पिळेल."

'बहुतेक' म्हणायला हवं होतं. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता, पण भावाचे डोळे इतके दिवसांनी असे मोठे झालेले बघून तिने तो गिळून टाकला. आई मागे उभी होती. तिला चित्रातलं काही कळलं नाही, पण मुलीचा आवाज कळला. ती दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी उगाचच जोरजोरात वाजवायला लागली.

भाऊ ऑपरेशनला तयार झाला. रुग्णालयाने तारीख दिली. बहिणीने तो व्हिडिओ सर्जनना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "सुंदर झालंय. पण हृदय म्हणजे दोर नव्हे, बाई." तिला राग आला. दुसऱ्याच्या क्षेत्रातल्या माणसाने आपल्या गल्लीत पाऊल टाकलं की या मोठ्या डॉक्टरांच्या पोटात दुखतं, असं ती घरी येऊन म्हणाली. भाऊ हसला.

घर बदललं. भावाने जोडीदाराला फोन करून हत्यारांची पिशवी परत मागितली. "वापरू नकोस फार, पाना झिजेल," असा दमही भरला. त्याला भूक लागायला लागली. बिनमिठाच्या सूपवरून आईशी भांडायला लागला, आणि ते भांडण ऐकून आई सुखावली. कॅलेंडरवर तारखेभोवती गोल झाला. खिडकीशी आता तो बसत नसे. घरभर फिरायचा, दम लागला की भिंत धरायची आणि पुन्हा फिरायचं. एकदा मध्येच थांबून म्हणाला, "ताई, त्या दिवशी मला काही झालं नाही ना, तर मी समुद्र बघायला जाणार. एवढे मजले चढलो आणि उतरलो, पण समुद्र बघितला नाही." ताईने हो म्हटलं. आणखी एक बदल झाला होता, पण तो तिने नीट बघितला नाही. भाऊ आता दिवा लावून झोपायचा.

ऑपरेशनला काही दिवस उरले होते. कारखान्यात एका बंदराकडून एक चेपलेला दोर आला. क्रेनच्या चाकाखाली सापडून तो चपटा झाला होता. ठोकून पुन्हा गोल केला तर चालेल का, असं त्यांचं विचारणं होतं. चालत नाही हे कुणालाही माहीत आहे, पण गिऱ्हाईकाला लेखी उत्तर लागतं. ते काम गुंत्याकडे होतं. त्याने चपटा दोर प्रोग्रॅममध्ये ताणला, तो लगेच तुटला. मग गोल करून ताणला आणि हसायलाच लागला.

"मॅडम, चमत्कार बघा. चेपलेला दोर हातोडीने गोल केला की नवाकोरा! उद्यापासून कारखाना बंद करून हातोड्या विकू."

तीही हसली. "खूण काढायची राहिलीये रे. ती खूण असली की आकार बदलल्यावर प्रोग्रॅम आपोआप पीळ नव्याने..."

तिथेच तिचा आवाज थांबला.

प्रोग्रॅममध्ये एका कोपऱ्यात एक चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलेलं असे: आकार बदलल्यास पीळ नव्याने घाला. या कारखान्यात त्या चौकोनात कायम बरोबरची खूण असायची, कारण इथे नवा आकार म्हणजे नवा दोर, आणि नवा दोर यंत्रावर नव्यानेच वळला जातो. गेल्या कित्येक वर्षांत ती खूण कुणी काढली नव्हती. ती तिथे आहे हेही लोक विसरले होते. दारातला उंबरठा जसा पायाला माहीत असतो, डोळ्याला नसतो, तशी ती खूण होती.

हृदय काही यंत्रावर नव्याने वळलं जात नाही. सर्जन कापणार होते, शिवणार होते. धागे आहेत तसेच राहणार होते, आडवे पडलेले. तिने आकार बदलला आणि प्रोग्रॅमने, कुणी न सांगता, त्यात धडधाकट माणसाचा पीळ घालून दिला होता. काही दिवसांनी ज्याची छाती उघडणार होते, त्याला तिने दुसऱ्याच कुणाचं तरी हृदय दाखवलं होतं. जगात नसलेल्या माणसाचं.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?" गुंत्याने विचारलं.

तिने भावाच्या हृदयाची फाईल उघडली, खूण काढली आणि चालवलं. आकार निमुळता झाला, छान झाला, अगदी पुस्तकातल्यासारखा. आणि पिळला नाही. थरथरला नुसता. पोकळी लहान झाल्यामुळे रक्त उलट आधीपेक्षा कमीच बाहेर पडलं. तिने स्नायूची मापं बदलून बघितली. टाके हलवून बघितले. धाग्यांना शक्य तेवढी सवलत देऊन बघितली. दर वेळी तेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ शाबूत होता आणि पीळ गेला होता, आणि कात्रीसुईने तो परत येणार नव्हता.

तिने सर्जनना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "मी पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच आजही सांगतो. मला माहीत नाही. तुमच्या चित्रामुळे ते तयार झाले, एवढं मात्र मला दिसत होतं." रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी जाताना तिच्या मनात आलं, न सांगितलं तर? सर्जनना माहीत नाही, प्रोग्रॅमलाही खरं तर काय माहीत, मग कदाचित पिळेलही. माणूस हसत हसत आत जाईल. पण 'पिळेल' हे तिने सांगितलं होतं, दुसऱ्या कुणी नाही, आणि त्या शब्दावर तो छाती उघडायला चालला होता. करायला गेली एक आणि झालं भलतंच, हे सांगायला तोंड तिचंच लागणार होतं.

आई आतल्या खोलीत कपाट आवरत होती. भाऊ टेबलाशी हत्यारांना तेल लावत बसला होता. ती समोर बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. चौकोन, खूण, चेपलेला दोर, सगळं. लॅपटॉप उघडून खरं हृदय दाखवायला लागली तेव्हा त्याने हात पुढे करून झाकण मिटवलं.

"नको. कळलं."

त्याने पाना फडक्याने पुसला, पिशवीत ठेवला, दुसरा घेतला. तोही पुसला.

"म्हणजे केलं तरी तेच, नाही केलं तरी तेच."

"केलं तर..." तिने मिटलेल्या लॅपटॉपकडे बघितलं. "केलं तर त्यातच जाशील कदाचित. आणि नाही गेलास तरी उपयोग नाही होणार."

"मग कळव त्यांना, नाही म्हणून. आईला मी सांगतो. आज नको."

"माझं चुकलं रे. माझ्यावर ओरड तरी."

"ओरडायला दम लागतो," तो म्हणाला. जुन्या सवयीने हसायला गेला, पण ते अर्ध्यावरच राहिलं. मग त्याने हातातला पाना खाली ठेवला. बोलला तेव्हा आवाज इतका खाली होता की तिला पुढे वाकावं लागलं.

"तू मुद्दाम नाही केलंस, ते कळतं मला. पण ताई, मला जमलं होतं गं. मरायचं. अवघड होतं, पण जमलं होतं. सकाळी उठायचो, आज नाही तर उद्या, असं मनात यायचं आणि मी चहा प्यायचो. खिडकीत बसायचो. तुला वाटायचं मी हरलो. हरलो नव्हतो. शिकलो होतो. मग तू ते दाखवलंस आणि मला जगायची हाव सुटली. समुद्र काय, आणि काय काय. तेव्हापासून मला भीती वाटते. डोळे मिटले की वाटते. आधी वाटत नव्हती."

"पुन्हा येईल तसं," ती कसंबसं म्हणाली. "हळूहळू येईल. आधी आलंच होतं ना?"

त्याने नाही अशी मान हलवली.

"त्याला किती वेळ लागला होता, बघितलं होतंस ना? आता परत शिकायला तेवढा वेळ नाहीये माझ्याकडे."

आतून आई आली. तिच्या दोन्ही हातांत एकेक पायजमा होता आणि चेहरा उजळलेला होता, कपाटात हवं ते सापडलं की होतो तसा. "दवाखान्यात कुठला नेऊ रे तुझा? निळा की करडा? निळा मऊ आहे, टाक्यांना टोचायचा नाही."

बहिणीने तोंड उघडलं. टेबलाखाली भावाने तिचं मनगट धरलं.

"निळा," तो म्हणाला.

"मला वाटलंच," म्हणत आई पायजम्याची घडी घालत आत गेली. भावाने मनगट सोडलं नाही. लहानपणी दिवे गेले की धरायचा तसं धरून बसला होता, नखं रुतेपर्यंत.